सैल आणि ढगळ

प्रश्न थोडक्यात असा: "डिसेंबरात माझं लग्न आहे. रिसेप्शनसाठी सूट शिवायचाय. हल्ली नट, गायक, खेळाडू सगळ्यांच्याच अंगावर रुंद पँट आणि मोठे कोट दिसतात, मलाही तसाच हवाय. उंची पाच फूट पाच इंच, थोडं पोट आहे. मामा म्हणतात, ढगळ दिसशील, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. आणि दहा वर्षांनी अल्बम उघडला की हसू यायला नको. काय करू?"

मामांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, म्हणून आधी त्यांची बाजू घेतो. ढगळ कपडा वाईटच दिसतो, आणि पाच फूट पाच इंचांवर तर फारच. पण ज्या फोटोंवर तुम्ही भाळलात त्यातले चांगले कपडे ढगळ नाहीत, सैल आहेत. मी चौतीस वर्षं पुण्यात कापड बेततोय, आणि गेली चार-पाच वर्षं या दोन शब्दांमधला फरक समजावण्यातच माझा निम्मा दिवस जातो. ढगळ कपडा सगळीकडूनच मोठा असतो. खांदा दंडावर उतरलेला, मुंढा (बाही जोडतात ती बगलेची गोलाई) खाली लोंबणारा, कंबर पट्ट्याने आवळून गोळा केलेली. सैल कपडा खांद्यावर, मुंढ्यात आणि कमरेत अंगाबरोबर बसतो आणि तिथून खाली कापडाला मोकळं सोडतो. फोनमधले ते फोटो पुन्हा उघडा आणि पँटकडे न बघता कोटाच्या खांद्याची शिलाई कुठे संपते तेवढंच बघा. बहुतेक फोटोंत ती हाडापाशी किंवा त्याच्यापुढे जेमतेम अर्धा-पाऊण इंच असेल. काही फोटोंत तीन इंच खाली असेल. ते कपडे मंचासाठी असतात. तिथे उंच सडपातळ माणूस दोन मिनिटं चालतो आणि आत जातो. तुम्हाला तीन तास उभं राहून पाचशे माणसांशी हात मिळवायचेत.

सैल कोट नव्याने आलेला नाही. १९३० च्या दशकात इटलीत नेपल्सला विन्चेन्झो अत्तोलिनी नावाच्या कटरने कोटाच्या आतलं भरताड काढायला सुरुवात केली. खांद्याची गादी गेली, अस्तर अर्धं झालं, आणि इंग्रजी चिलखतासारखा कोट शर्टासारखा हलका झाला. जॉर्जिओ अरमानीने १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि तीच गोष्ट तयार कपड्यांच्या बाजारात आणली. आतलं कापड मऊ, लेपल (कॉलरखालची छातीवर उलटलेली पट्टी) खाली, बटण खाली, आणि वरचं कापड असं निवडलेलं की ते अंगावरून वाहावं. १९८० च्या 'अमेरिकन जिगोलो' चित्रपटात रिचर्ड गिअरच्या अंगावर ते कपडे आले आणि जगभरचे शिंपी कामाला लागले. अरमानी ४ सप्टेंबर २०२५ ला एक्याण्णवाव्या वर्षी गेला. आज तुम्ही जे फोटो दाखवता त्यातले निम्मे कपडे त्याने चाळीस वर्षांपूर्वी बेतून ठेवलेले आहेत, हे मी दुकानातल्या पोरांना सांगतो तेव्हा ती माझ्याकडे 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या आजोबांकडे बघावं तशी बघतात.

अरमानीच्या कोटात आत काही नव्हतं असं लोक म्हणतात. तसं नाही. आतलं कमी होतं, पण होतं ते जागच्या जागी. हे तुमच्या कामाचं आहे. आपल्याकडे स्वस्तातला कोट फ्युझिंगवर उभा असतो, म्हणजे वरच्या कापडाला आतून डिंकाचं अस्तर गरम इस्त्रीने चिकटवलेलं असतं. चापून बसणाऱ्या कोटात हे खपून जातं. सैल कोटात ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं, आणि माणूस खोक्यात घातल्यासारखा दिसतो. मामांना उसना कोट दिसतो तो इथेच. तेव्हा शिंप्याला पहिला प्रश्न रुंदीचा विचारू नका, छातीत कॅनव्हास (आतून शिवून बसवलेलं जाडसर कापड) घालणार की फ्युझिंग, हे विचारा. पूर्ण कॅनव्हास परवडत नसेल तर छाती आणि लेपलपुरता अर्धा घालून घ्या. एवढ्यानेही कोट पडायला लागतो.

मधल्या काळात काय झालं तेही थोडं सांगतो, कारण तुमच्या कपाटातल्या सगळ्या पँटा त्याच काळातल्या असणार. २००० मध्ये एदी स्लिमान नावाचा डिझायनर दिऑर या फ्रेंच कंपनीच्या पुरुष विभागात आला आणि त्याने रॉक बँडमधल्या काटकुळ्या पोरांवर सूट बेतायला सुरुवात केली. कार्ल लागरफेल्डसारख्या बड्या डिझायनरने ते कपडे घालता यावेत म्हणून बेचाळीस किलो वजन घटवलं. २०१० च्या आसपास ही लाट आपल्याकडच्या रेडीमेड दुकानांत 'स्लिम फिट'ची पट्टी लावून पोहोचली. कोट आखूड झाले, लेपल दोन-सव्वादोन इंचांवर आले, पँटचा बॉटम तेरा इंच झाला. (आम्ही बॉटम पूर्ण घेराने मोजतो. काही ठिकाणी निम्मा सांगतात, साडेसहा. कापडावर खडू टेकवण्याआधी हे एकदा विचारून घ्या, नाहीतर गोंधळ होतो.)

त्या लाटेत मीही वाहून गेलो. २०१३ चा एक नवरदेव फोनवर फोटो घेऊन आला आणि अगदी अस्साच हवा म्हणाला. मी एकदा सांगून बघितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मांडीत जेमतेम इंचभर सैलाई ठेवली. विहिणीच्या पंगतीत तो पाटावर मांडी घालून बसला आणि मागची शिलाई कंबरेपासून खालपर्यंत उसवली. उरलेलं लग्न त्याने सोवळं नेसून काढलं. भटजी खूश झाले म्हणे. पैसे मी परत केले, पण ती पँट माझी चूक होती, त्याची नव्हती. गिऱ्हाईक फोटो दाखवतं, मांडी घालून कसं बसायचं हे सांगणं कटरचं काम.

मग काटा परत फिरला. जून २०१८ मध्ये पॅरिसला व्हर्जिल ॲब्लो या डिझायनरने लुई व्हितों कंपनीसाठी पहिला शो केला, त्यात सुरुवातीचेच सूट पांढरे, सैल आणि रुंद पँटचे होते. कोरियन गायकांनी तोच आकार शाळकरी पोरांपर्यंत नेला. माझ्याकडे सूट शिवायला येणारा मुलगा आज कोरियन गायकाचा फोटो आणतो, बाप शाहरुखचा आणतो. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्यात शाहरुख सब्यसाचीच्या जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या काळ्या लोकरी कोटात होता आणि दिलजीत प्रबल गुरुंगच्या पांढऱ्या पोशाखात, पाठीवर पंजाबचा नकाशा घेऊन. पुढचे सहा महिने मला लांब कोटांच्या ऑर्डरी आल्या. त्यातल्या चारांना मी परावृत्त केलं, एकाला शिवून दिला. तो सहा फूट एक इंच होता.

त्या वर्षीच्या मेटचा विषय कृष्णवर्णीयांच्या शिवणकामाचा होता. रुंद कापडाचा खरा इतिहास तिथे सापडतो. १९४० च्या सुमाराला अमेरिकेतल्या काळ्या आणि मेक्सिकन पोरांनी झूट सूट घातला. गुडघ्याला टेकणारा कोट, छातीपर्यंत चढलेली पँट, मांडीत फुगलेली, घोट्यात आवळलेली. युद्ध चालू होतं, १९४२ मध्ये लोकरीच्या कापडावर सरकारी बंधन आलं होतं, आणि अशा वेळी एवढं कापड अंगावर मिरवणं म्हणजे उद्धटपणा ठरला. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर खलाशांनी या पोरांना गाठून मारलं, अंगावरचे सूट फाडले. रुंदी म्हणजे कापड आणि कापड म्हणजे पैसा, हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं.

आज ते विसरलं जातं, आणि माझ्या टेबलावर आहेरातलं पँटपीस येतं. एक मीटर वीस. आपल्याकडे लग्नात पँटपीस-शर्टपीस देण्याची पद्धत ज्या मापाच्या पँटवर बसली ती साधी, सरळ पँट होती. सुटिंगचं कापड अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं, दुमडलं की एकोणतीस. साध्या पँटचा पुढचा आणि मागचा भाग उलटसुलट लावला की त्यात मावतो. पुढे चुणी, वर चढलेली कंबर, मांडी मोकळी आणि खाली बॉटमही मोठा असं केलं की दोन भाग एकमेकांशेजारी बसत नाहीत. मग शिंपी आतली माया (शिलाईत राखून ठेवायचं जादा कापड) खातो किंवा चुणी अर्धी करतो, आणि तुम्हाला कळतही नाही. तेव्हा सूटसाठी तीन मीटरऐवजी सव्वातीन घ्या. आहेरातल्या पँटपीसची ऑफिसची पँट करा.

आता तुमचं माप. उंची कमी असली की रुंद पँट चालत नाही, असं सगळे सांगतात. ते चुकीचं आहे. चालत नाही ती खाली बसलेली रुंद पँट. गेल्या वीस वर्षांत पँटची कंबर नाभीवरून हळूहळू खाली घसरली आणि पुढची उंची, म्हणजे कंबरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं अंतर, नऊ इंचांवर आली. पोट असलेल्या माणसाचं पोट अशा पट्टीवरून बाहेर ओघळतं आणि पाय आखूड दिसतात. तुमच्या पँटची पुढची उंची साडेअकरा इंच ठेवा, पट्टी नाभीपाशी. पाय दोन इंच लांब झाल्याचा भास होतो, पोट पँटच्या आत जातं, आणि कोटाचं बटण लावल्यावर त्याखाली शर्टाचा जो पांढरा त्रिकोण डोकावतो तो दिसेनासा होतो. तो त्रिकोण एकदा लक्षात आला की तुम्हाला प्रत्येक लग्नात दिसेल, आणि त्याबद्दल मला शिव्या द्याल.

पट्टी नाभीशी बसवायची तर पट्टा नको. पट्टा पोटावर रुततो आणि दर दहा मिनिटांनी पँट वर ओढावी लागते. बाजूला कापडी पट्ट्या आणि बकल लावून घ्या, किंवा सरळ गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणाऱ्या पट्ट्या, घाला. कोटाच्या आत कुणाला दिसत नाही. मामांना गॅलिस शब्द आवडेल, त्यांच्या वडिलांनी वापरल्या असतील.

चुणी एकच, तोंड खिशाकडे. एक इंच खोल पुरे. उभं राहिल्यावर चुणी मिटलेली असली पाहिजे आणि बसल्यावर उघडली पाहिजे. उभ्यानेच ती पोपटाच्या चोचीसारखी उघडी दिसली तर सीट, म्हणजे मागचा बसण्याचा घेर, कमी पडलीय, चुणीचा दोष नाही. दोन चुण्यांचा हट्ट धरू नका. दुसरी चुणी पोटापाशी येते आणि तिथलं कापड उगाच वाढवते.

बॉटम साडेसोळा. फोटोतल्या पोरांचे अठरा ते वीस असतात, पण त्यांचे पायही तुमच्याहून चार-पाच इंच लांब आहेत. प्रमाणात साडेसोळा म्हणजे त्यांचे एकोणीसच. गुडघ्यात साडेएकोणीस ठेवा म्हणजे पँट सरळ पडेल आणि हळूच निमुळती होईल. खाली बुटाच्या तोंडाला जेमतेम टेकेल एवढीच लांबी. रुंद पँट बुटावर गोळा झाली की उंचीतला एक इंच तिथेच गेला. बाहेरची दुमड, जिला दुकानात टर्न-अप म्हणतात, तुम्ही टाळा. ती पायाला आडवी रेघ मारते.

कोटाची लांबी काढायची जुनी रीत अजून मोडलेली नाही: कॉलरच्या जोडापासून जमिनीपर्यंत मोजा आणि निम्मं करा. तुमच्या उंचीला ते साधारण पावणेअठ्ठावीस येईल. स्लिमच्या काळात हाच कोट सव्वीसचा व्हायचा. आता काही जण तीसचा मागतात, तुम्ही मागू नका. दोन बटणांचा सिंगल ब्रेस्ट घ्या. डबल ब्रेस्ट मला फार आवडतो, पण त्यात पोटावर कापडाचा दुहेरी थर येतो आणि तो कोट सतत बंद ठेवावा लागतो, जेवतानाही. लेपल सव्वातीन इंच. छातीत सैलाई नेहमीपेक्षा दीड इंच जास्त, खांदा हाडापुढे अर्धा इंच, आणि मुंढा वर. मुंढ्याबद्दल मी भांडायलाही तयार आहे. लोकांना वाटतं सैल कोटाचा मुंढा खाली हवा. उलट आहे. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा कोट हाताबरोबर वर येतो, कॉलर मानेपासून सुटते. ट्रायलला या आणि समोरच्याच्या गळ्यात हार घालतोय असे दोन्ही हात उचला. कोट जागेवर राहिला तर मुंढा बरोबर.

कापडाकडे येऊ. सैल कपड्याची निम्मी किंमत त्याच्या वजनात आहे. हलकं टेरी-रेयॉन घेतलंत तर चालताना ते पायाला चिकटेल आणि रुंद पँट मागून पायजम्यासारखी दिसेल. डिसेंबरात रात्री लॉनवर रिसेप्शन असेल तर मीटरला दोनशे ऐंशी ग्रॅमच्या आसपासची लोकर किंवा चांगलं टेरीवूल घ्या. दुकानदार 'सुपर १५०' असा आकडा दाखवून भाव वाढवेल. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे: सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० म्हणजे १६.२५. बारीक तंतूचं कापड हाताला लोण्यासारखं लागतं, पण लवकर चुरगळतं आणि पडायला हलकं असतं. तुमच्या कामाला सुपर १०० ते १२० उत्तम. उरलेले पैसे कॅनव्हासवर घाला. रंग काळा नको, फोटोत चुण्या आणि लेपल काळ्यात बुडून जातात. गडद तपकिरी किंवा बाटलीसारखा हिरवा बघा. निळा घेतलात तरी हरकत नाही, फक्त मांडवातले निम्मे पाहुणे त्याच रंगात असतील.

मामा बंद गळ्याचाच आग्रह धरतील अशी मला शंका आहे. दुकानं त्याला जोधपुरी म्हणतात, पण बंद गळ्याचा लांब कोट आपल्या घरातलाच आहे. घरातली जुनी छायाचित्रं बघा: वर बंद गळा, खाली धोतर. वर आखीव, खाली मोकळं. तुम्ही मागताय ते याहून फार वेगळं नाही. मामांना हेच दाखवा. बंद गळा शिवलात तर त्याखाली चापून बसणारी पँट घालू नका, हीच साडेसोळाची घाला. पाय काड्यांसारखे दिसणार नाहीत.

त्या वेळी पायात कोल्हापुरी चालेल. सूटवर मात्र नाही, मग ती प्राडा या इटालियन कंपनीने केलेली असली तरी. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने पुरुषांच्या पायात आपली चप्पल चढवली आणि तिचं नाव सांगायला विसरली. इकडे ओरड झाली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. मग पत्रं गेली, कंपनीने कारागिरांचं ऋण मान्य केलं, माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एका जोडीला सुमारे ८०० युरो. तुम्ही कोल्हापुरातूनच घ्या, आणि लग्नाच्या महिनाभर आधी घेऊन घरात वापरा. करकर वाजली तरी चालेल, चावता कामा नये.

अल्बमचं म्हणाल तर दहा वर्षांनी थोडं हसू येईलच. माझ्या लग्नात मी सफारी घातली होती, आणि त्यावर माझ्या मुलीने अख्खं एक कॉलेजचं वर्ष काढलं. पण फोटो बघून लोक हसतात ते टोकाला गेलेल्या गोष्टींना: चोवीस इंचांचं बेलबॉटम, दोन इंचांचं लेपल, ढुंगणावर संपणारा कोट. मी वर दिलेली मापं कुठेच टोकाला जात नाहीत. त्यातूनही धाकधूक असेल तर शिंप्याला सांगून सीटच्या शिलाईत दीड इंच आणि आतल्या शिलाईत इंचभर माया ठेवून घ्या. वजन वाढलं तर पँट उघडता येईल, फॅशन फिरली तर मांडीत आणि खाली आवळता येईल. कमी कापडाची पँट वाढवता येत नाही. २०१३ च्या त्या नवरदेवाला हे मी नंतर सांगितलं.

डिसेंबरचं लग्न म्हणजे कापड ऑक्टोबरच्या सुरुवातीला हातात हवं. दिवाळीनंतर कुठल्याही चांगल्या कटरकडे जागा नसते. दोन ट्रायल घ्या, पहिली कच्च्या टाक्यांवर, बाह्या लावण्याआधी. घालणार असाल तेच बूट आणि तोच शर्ट घेऊन या. चपलेवर उभं राहून पँटची लांबी देऊ नका. आणि ट्रायलला मामांना बरोबर आणा. खांदा बसलेला दिसला की ते बाकीच्याबद्दल बोलणार नाहीत. बोललेच तर पाटावर मांडी घालून बसून दाखवा.